मामा विचारतात, मशीन कित्याक व्हया?

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, वय २८, नोकरी पुण्यात. थायलंडला जाऊन स्कायडायव्हिंगचा कोर्स केला, पहिल्या पायरीचं ए लायसन्स मिळालं. आतापर्यंत चाळीसेक उड्या झाल्या आहेत. दर वेळी भाड्याची रिग घेऊन कंटाळले, म्हणून स्वतःची घ्यायचं ठरवलंय. आमच्या ग्रुपमधला एक सीनियर आपली जुनी रिग विकतोय. कंटेनर, रिझर्व्ह आणि १२० ची मेन. आत सायप्रेस, म्हणजे आपोआप पॅराशूट उघडणारं यंत्र, आहे, अकरा वर्षं जुनं. ते नको असेल तर काढून घेतो आणि किंमत बरीच कमी करतो, म्हणाला. त्याचं म्हणणं, ज्याला वेळेवर हँडल ओढता येतं त्याला यंत्राची गरज नाही, उलट दोन्ही पॅराशूट एकदम उघडली तर जिवाशी येतं. माझे मामा पॅरा पलटणीतून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'हातात जोर आसा मा? मगे मशीन कित्याक व्हया गो?' आईचं एकच, मशीन असेल तर जा, नाहीतर घरी बस. माझं वजन ५८ किलो आहे. कधीतरी मिठबावच्या पुळणीवर उतरायचं स्वप्न आहे. काय करू?"

बाय,

यंत्र घे. नवीन घे. आणि ती १२० ची मेन घेऊ नकोस.

उत्तर एवढंच आहे. पण मामा, आई आणि तो सीनियर अशा तिघांनी तीन बाजूंनी ओढलेल्या मुलीला तीन वाक्यांत वाटेला लावायचं तर हे सदर चालवायचं कशाला? त्यातून माझी अर्धी नोकरी हवाई दलात पॅराशूटच्या घड्या घालण्यात गेलेली. या विषयावर मला कुणी विचारायचीच खोटी.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. स्कायडायव्हरच्या पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात. पिशवी म्हणजे कंटेनर, सगळा संच म्हणजे रिग, आणि १२० हे पॅराशूटचं चौरस फुटांतलं माप. खालच्या कप्प्यात नेहमीचं, त्याला मेन म्हणतात. वरच्या कप्प्यात राखीव, ते रिझर्व्ह. मेन वेडंवाकडं उघडलं तर एक हँडल ओढून ते सोडून द्यायचं, याला कटअवे म्हणतात, आणि लगेच दुसरं हँडल ओढून रिझर्व्ह उघडायचं. हे सगळं माणसाने स्वतः करायचं. माणूस काही करूच शकला नाही तर काय, यासाठी रिझर्व्हच्या कप्प्यात एक छोटी डबी बसवतात. ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस असं लांबलचक नाव, या खेळातले लोक एएडी म्हणतात. सायप्रेस हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. जर्मनीतल्या एअरटेक कंपनीने ते १९९१ मध्ये आणलं. बेल्जियमचं व्हिजिल आणि चेक कंपनीचं एम-२ ही दुसरी दोन.

डबी हवेच्या दाबावरून उंची ओळखते आणि तो दाब किती झपाट्याने वाढतोय त्यावरून पडण्याचा वेग. लायसन्सवाल्यांसाठीचं एक्स्पर्ट सायप्रेस साधारण ७५० फुटांवर बघतं, की हा माणूस अजूनही सेकंदाला ३५ मीटरहून जास्त वेगाने, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरने खाली चाललाय का? चालला असेल तर ते रिझर्व्ह उघडतं. पोटावर झोपून पडताना वेग ताशी १९०-२०० किलोमीटर असतो आणि चांगल्या उघडलेल्या पॅराशूटखाली सेकंदाला पाच-सहा मीटर. त्यामुळे धडधाकट उतरणाऱ्या माणसाच्या वाटेला ते जात नाही.

ते उघडतं कसं, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. रिझर्व्हच्या कप्प्याची पाती एकावर एक दुमडून त्यांच्या भोकांतून दोऱ्याचा एक फास वर काढलेला असतो आणि त्या फासात पिन अडकवलेली असते. हँडल ओढलं की पिन निघते, फास सुटतो, आत दाबून बसवलेली स्प्रिंगची पायलट शूट, म्हणजे एक पिटुकलं पॅराशूट, टुणकन बाहेर उसळते आणि आपल्यामागून रिझर्व्ह खेचून काढते. यंत्र त्या पिनेला हातसुद्धा लावत नाही. तोच फास खाली एका बारीक धातूच्या नळकांड्याच्या भोकातून ओवलेला असतो. नळकांड्यात इवलंसं पातं आणि त्याच्या पाठीमागे चिमूटभर स्फोटक. वेळ आली की पातं पुढे सरकतं आणि फास कापतं. हँडल सापडलं नाही, केबल अडकली, खांदा निखळला, तरी फास कापला जातो. म्हणजे तुझ्या हाताचा मार्ग वेगळा आणि यंत्राचा वेगळा. एक बंद पडला म्हणून दुसरा बंद पडत नाही, आणि एक असला म्हणून दुसऱ्याला अडथळा होत नाही.

आता मामा.

मामांना माझा नमस्कार सांग. पॅरा पलटणीतल्या माणसाशी वाद घालायची माझी छाती नाही. २ पॅरा तर मूळची आपली तिसरी मराठा लाइट इन्फंट्री, ११ डिसेंबर १९७१ ला, आताच्या बांगलादेशात, टांगाईलला पुंगली पुलाजवळ उतरलेली. मामा कुठल्या पलटणीत होते ते तू लिहिलं नाहीस, पण त्यांना एवढंच विचार: विमानाच्या दारातून बाहेर पडल्यावर मेन पॅराशूट किती वेळा स्वतःच्या हाताने उघडलंत?

मामा फ्रीफॉलवाले, म्हणजे पॅराशूट न उघडता बराच वेळ नुसते पडत जाणारे, नसतील तर उत्तर येईल, एकदाही नाही. सैन्याच्या नेहमीच्या उडीत जवानाचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. तो खाली पडला की पट्टा ताणतो आणि पॅराशूट उघडतं. स्टॅटिक लाइन म्हणतात ती हीच. हजार-बाराशे फुटांवरून, अंगावर ओझं घेऊन, अंधारात उडी मारणाऱ्या शंभर माणसांपैकी प्रत्येकाच्या हाताच्या भरवशावर कुठलीच सेना पॅराशूट सोडत नाही. मामांच्या हातात जोर होता यात शंका नाही, पण त्यांची अख्खी नोकरी आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटखाली झाली. आणि जगभरच्या सैन्यांत जिथे उंचावरून फ्रीफॉल करायचा असतो तिथे पाठीवर असली डबी बसवलेली असते. रशियन केएपी-३ तर घड्याळासारखी चावी देऊन चालवायचं यंत्र, सायप्रेसच्या कितीतरी आधीचं. तेव्हा यंत्र म्हणजे हौशी पोरांचं खूळ, असं मामांनी समजू नये.

हातात जोर असण्याचा मुद्दा उरतोच. मालवणातला पट्टीचा पोहणारा खलाशी लाइफ जॅकेट घालायला कुरकुरतो, मी पोहतो की, म्हणतो. पण जॅकेट पोहता न येणाऱ्यासाठी असतं तितकंच डोक्यात लाकूड बसून पाण्यात पडलेल्यासाठीही असतं, आणि बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही. तुझ्या बाबतीतही तेच. चार जणांनी मिळून उडी मारली आणि कुणाचा गुडघा तुझ्या कानशिलात बसला, तर हातातला जोर काय करणार?

२०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एका शिकाऊ तरुणाला हवेतच फिट आली. त्याच्या इन्स्ट्रक्टरने पाठलाग करून त्याला गाठलं आणि चार हजार फुटांच्या आसपास त्याचं हँडल ओढलं. पुढच्या वर्षी तो व्हिडिओ जगभर फिरला, तू पाहिलाही असशील. त्या तरुणाच्या हातात जोर नव्हता असं थोडंच आहे? पाठीवर यंत्र होतंच, पण इन्स्ट्रक्टर त्याच्यासाठी थांबला नाही. त्याने बरोबर केलं. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे लागेल.

बेशुद्धीपेक्षा जास्त वेळा घडणारी गोष्ट साधी असते. माणूस शुद्धीत असतो, तरतरीत असतो आणि हँडल शोधत असतो. किंवा गिरक्या खात असतो आणि आधी सरळ होऊ, मग ओढू, म्हणतो. डोळे हँडलवर, उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर नाहीत. पोटावर पडताना हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतात. साडेपाच सेकंद म्हणजे दोनदा चाचपडून बघायला लागतो तेवढा वेळ.

तुझ्या सीनियरचं बोलणं मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. दोन पॅराशूट एकदम बाहेर येणं हा खरा धोका आहे. ती एकामागे एक उभी राहतात, शेजारी शेजारी राहतात किंवा एकमेकांपासून दूर पळत दोन्ही नाक खाली करून जमिनीकडे धावतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट आणि त्यात मेन तोडून द्यावंच लागतं. पहिल्या प्रकारात सहसा काही तोडायचं नाही, पुढच्या पॅराशूटवर हलक्या हाताने उडत उतरायचं. दुसऱ्यात कधी तोडायचं, कधी नाही, हे कागदावर वाचून शिकायचं नसतं. इन्स्ट्रक्टरसमोर हार्नेसमध्ये लटकून घोटवून घे.

पण दोन पॅराशूट बाहेर येतात कधी? हिशेब मांडू. अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या, म्हणजे यूएसपीएच्या नियमाने तुझ्यासारख्या ए लायसन्सवाल्याने ३,००० फुटांच्या वरच मेन उघडायला हवं. मेन भरायला सहाशे ते हजार फूट खातं. म्हणजे २,००० फुटांवर तू उघडलेल्या पॅराशूटखाली लटकत असशील आणि यंत्र ज्या ७५० फुटांची वाट बघतं ते अजून सव्वा हजार फूट खाली असेल. आता एखादा शहाणा मजा लांबवत लांबवत दीड हजार फुटांवर ओढतो. ७५० फूट येतात तेव्हा त्याचं मेन अर्धवट फुगलेलं, वेग अजून भरपूर. यंत्राला काय कळणार की साहेब नुकतेच जागे झालेत? ते फास कापतं. मग लोक म्हणतात, यंत्राने दोन पॅराशूट उघडली.

अर्थात कधीकधी मेन आपणहून हळू उघडतं, त्यात माणसाचा दोष नसतो. म्हणून तर तीन हजारांची पायरी ठेवली आहे. तुझा सीनियर जर यंत्राला घाबरत असेल, तर तो किती फुटांवर ओढतो ते एकदा सहज विचार.

यंत्राची जुनी बदनामीही या बोलण्याला कारण आहे. सायप्रेसच्या आधीची यांत्रिक यंत्रं नेमकी नव्हती, नको तिथे सुटत, म्हणून अनुभवी मंडळी ती शिकाऊंच्या पाठीवर ठेवत आणि स्वतः लांब राहत. यंत्र बदललं, पण टोमणा राहिला. आजच्या यंत्रांचंही सगळं गोड आहे असं नाही. अगदी छोट्या पॅराशूटखाली जमिनीजवळ गरकन वळून प्रचंड वेगाने उतरणाऱ्यांचं यंत्र उघड्या मेनखाली सुटल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यांच्यासाठी सुटण्याचा वेग वाढवलेलं स्पीड मॉडेल निघालं. तू त्या वाटेला अजून काही वर्षं जायचं नाहीस.

आता ते कुठे गप्प बसतं ते ऐक. आईला सांगायच्या आधी हे तुला माहीत हवं.

मेन उघडलं पण वळकट्या पडून गरागरा फिरतंय, आणि तू सेकंदाला वीस-पंचवीस मीटरने खाली जातेस असं समज. हा वेग माणूस मरायला पुरेसा आहे, पण यंत्राच्या ३५ मीटरच्या खाली आहे. यंत्र काही करणार नाही. तिथे तुझेच दोन हात.

किंवा याच भानगडीत तू उशिरा, पाचशे फुटांवर कटअवे केलंस आणि दुसरं हँडल ओढायला हात गोठला. पुन्हा ३५ मीटरचा वेग यायला दोनेक सेकंद जातात, तेवढ्यात दीडशे-दोनशे फूट संपलेले असतात, आणि रिझर्व्हला उघडायला जागा लागते ती वेगळीच. अशा वेळी कामाला येते ती आरएसएल, म्हणजे मेन तुटून जाताना स्वतःबरोबर रिझर्व्हची पिन ओढून नेणारी पट्टी. ती वेगळी वस्तू आहे, एएडीला पर्याय नाही आणि एएडी तिला पर्याय नाही. त्या रिगवर आरएसएल आहे की नाही ते तू लिहिलं नाहीस. विचारून घे, आणि काढून ठेवली असेल तर का काढली तेही विचार.

आणि ७५० फूट ही काही ऐसपैस जागा नव्हे. पूर्ण वेगात पडणाऱ्याला तिथून जमीन चार सेकंदांवर असते. रिझर्व्हला त्यातले दोन-तीन सेकंद हवेत. यंत्र सुटलं पण रिझर्व्ह पुरतं भरायच्या आत जमीन आली, असंही झालेलं आहे. म्हणूनच यूएसपीएने २०१३ मध्ये वरच्या लायसन्सवाल्यांची उघडण्याची किमान उंची २,००० वरून २,५०० फूट केली, यंत्रं थोडी वर लावता यावीत म्हणून. नव्या यंत्रांत ही उंची वाढवून घेता येते. तुझ्या इन्स्ट्रक्टरशी बोलून ती वाढव. ओढायला तू तशीही वरच ओढणार आहेस.

आता त्या ऑस्ट्रेलियातल्या इन्स्ट्रक्टरकडे ये. यंत्र आहे म्हणून तो थांबला नाही. मामांच्या बोलण्यात मला जे खरं वाटतं ते इथे आहे. यंत्र पाठीवर आलं की माणूस सैल होतो. कटअवेची तीन कड्यांची पद्धत शोधणारे अमेरिकेतले बिल बूथ गमतीने म्हणत आलेत, की साधनं जितकी सुरक्षित होतात तितके स्कायडायव्हर जास्त धोका पत्करतात आणि मरणाऱ्यांचा आकडा होता तिथेच ठेवतात. सुदैवाने आकडा तिथेच राहिलेला नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात दर वर्षी सरासरी चाळीसहून जास्त माणसं या खेळात जात, २०२३ मध्ये १० गेली. ते श्रेय एकट्या यंत्राचं नाही, प्रशिक्षण आणि पॅराशूटही सुधारली. पण हँडल न ओढता किंवा उशिरा ओढून मरणारे खूप कमी झाले, आणि त्यांची जागा घेतली चांगल्या उघडलेल्या, पण छोट्या आणि चपळ पॅराशूटखाली उतरताना जमिनीवर आपटणाऱ्यांनी. हे वाक्यही लक्षात ठेव.

तेव्हा सैल व्हायचं नाही, याचा एक साधा उपाय. विमानात चढायच्या आधी स्वतःला विचार: डबी बंद आहे असं आत्ता कळलं, तर ही उडी मी मारीन का? या चार जणांबरोबर, या ढगांत, आजच्या या दुखऱ्या खांद्याने? उत्तर नाही असेल तर डबी चालू असतानाही मारायची नाही. आणि कधी यंत्राने खरंच रिझर्व्ह उघडलं, तर संध्याकाळी पार्टी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा विमानात बसायचं नाही. इन्स्ट्रक्टरसमोर बसून कुठल्या सेकंदाला काय केलं ते ओळीने सांगायचं.

आता त्या अकरा वर्षांच्या डबीचं.

जुन्या सायप्रेस २ चं आयुष्य साडेबारा वर्षं धरलेलं असतं आणि मध्ये चौथ्या व आठव्या वर्षाच्या सुमाराला ते कंपनीकडे तपासणीला जावं लागतं. नंतरच्या यंत्रांना साडेपंधरा वर्षं आहेत. व्हिजिलला वीस वर्षं. अकरा वर्षांचं यंत्र साडेबारावालं असेल तर तुझ्या हातात दीडच वर्ष उरतं, आणि आठव्या वर्षीची तपासणी चुकवलेली असेल तर तेही नाही. "चालतंय की अजून" हे उत्तर इथे चालत नाही. ते चालतंय की नाही हे तुला आयुष्यात एकदाच कळणार. अमेरिकेत तर कायदाच आहे, की यंत्र बसवलं असेल तर त्याची देखभाल कंपनीच्या सूचनेप्रमाणेच झालेली हवी. अनेक ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानांवर, यंत्राशिवाय उडीच देत नाहीत. म्हणजे आज वाचवलेले पैसे विमानाच्या दारात परत मोजायचे.

नव्याची किंमत रुपयांत लाखाच्या वर जाते, मला कल्पना आहे. तरी तेच घे. आणि जुनी रिग डबीसकट घेतलीस तर डबीचा भाव शून्य धर. सीनियर डबी काढून घेतो म्हणाला असेल तर घेऊ दे, दुःख करू नकोस.

डबी कुठल्या मोडवर आहे ते बघितल्याशिवाय जुनी रिग अंगावर चढवू नकोस. विद्यार्थी, एक्स्पर्ट, टँडम, स्पीड असे प्रकार असतात. टँडमचं, म्हणजे दोघांनी एकत्र बांधून मारायच्या उडीचं, सायप्रेस १,९०० फुटांना सुटतं. एकट्याच्या पाठीवर ते चुकून आलं तर मेन उशिरा भरणाऱ्या दिवशी दोन पॅराशूट नक्की.

यंत्र रोज सकाळी ड्रॉप झोनवर पोचल्यावर चालू करायचं, घरी नाही. बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकला की लगेच पुन्हा, असं चार वेळा. मग आकडे दहापासून उलटे उतरत शून्यावर येतात. इतकी कटकट मुद्दाम ठेवली आहे, पिशवीत धक्का लागून चालू-बंद होऊ नये म्हणून. चौदा तासांनी ते आपोआप बंद होतं. चालू होताना ते जिथे असतं ती जमीन शून्य धरतं. तुला कळेल असं उदाहरण देतो. समज, देवगडच्या किनाऱ्यावर यंत्र चालू केलंस, गाडीत टाकलंस आणि घाट चढून आंबोलीच्या पठारावर उतरायची उडी मारलीस. आंबोली समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांच्या आसपास. यंत्र ७५० फुटांची वाट बघतंय, पण ते ७५० फूट देवगडच्या हिशेबाने. ते आंबोलीच्या जमिनीच्या पोटात दीड हजार फूट खाली आहेत. यंत्र कधीच सुटणार नाही. उलटं केलंस, आंबोलीला चालू करून देवगडच्या पुळणीवर उतरलीस, तर ते तीन हजार फुटांना, ऐन तुझं मेन उघडतंय तेव्हाच सुटू शकतं. म्हणून जागा बदलली की बंद करून पुन्हा चालू. उडायची आणि उतरायची जमीन वेगवेगळ्या उंचीची असेल तर यंत्रात तेवढा फरक भरायची सोय असते, ती रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासून घड्या घालणाऱ्या जाणकाराकडून, शिकून घे.

मिठबावच्या स्वप्नाबद्दल दोन ओळी. यूएसपीएचा नियम आहे, की उघड्या पाण्यापासून मैलभराच्या आत उडी असेल तर तरंगायचं साधन अंगावर हवं. आपल्या किनाऱ्यावर दुपारी वारा कसा उठतो ते तुला मी सांगायला नको. सायप्रेस २ पाण्यात पडलं म्हणून लगेच मरत नाही, पण नंतर त्याचा फिल्टर बदलावा लागतो आणि खाऱ्या पाण्यात भिजलेलं रिझर्व्ह रिगरकडे जातंच. रिग पुण्यालाच ठेव. देवगडात पावसाळाभर कपाटात ठेवलीस तर बकलं गंजतील, रबरं चिकट होतील आणि आई वाळवायला अंगणात उन्हात टाकेल. ऊन नायलॉनचा शत्रू आहे.

आईचं म्हणणं मला सर्वांत सरळ वाटलं. पण यंत्र आहे म्हणजे काही होत नाही, असं तिला सांगू नकोस. ते खोटं आहे, आणि उद्या कुठल्या ओळखीच्या माणसाने तिला खरं सांगितलं तर तुझ्यावरचा विश्वास जाईल. तिला सांग, मी बेशुद्ध पडले तर ते उघडेल, बाकी सगळं मला करायचं आहे आणि ते मी शिकले आहे. शेजारणींनी नाकं मुरडली तर पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव सांग. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, २०११ मध्ये पद्मश्री आणि २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून स्कायडायव्हिंग. शेजारणींना नऊवारीचं ऐकून बरं वाटेल.

आता पत्रातली जी ओळ वाचून मी चष्मा सावरला ती. १२० ची मेन. तू ५८ किलो, म्हणजे साधारण १२८ पौंड. रिग, हेल्मेट, कपडे मिळून अजून पंचवीसेक पौंड. एकूण १५३. भागिले १२० चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटाला जवळजवळ १.३ पौंड. चाळीस उड्यांच्या माणसाने एकाच्या आसपास किंवा खाली राहावं, म्हणजे १५० किंवा १७०. १२० च्या खाली तू दुपटीने उशिरा विचार करशील आणि ते निम्म्या वेळात वळेल. मघाशी म्हटलं ना, आज लोक कुठे मरतात? इथे. आणि इथे कुठलीच डबी काही करत नाही, कारण तिच्या लेखी पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं. तो सीनियर तुला यंत्र नको म्हणाला याचा मला फारसा राग नाही. चाळीस उड्यांच्या मुलीला १२० विकायला काढली याचा आहे.

कंटेनरमध्ये १५० बसत असेल आणि रिझर्व्हही तुझ्या वजनाला पुरेसं मोठं असेल, तर कंटेनर आणि रिझर्व्ह घे, मेन त्याच्याकडेच राहू दे. बसत नसेल तर रिग सोड आणि अजून एक हंगाम भाड्याची वापर, कंटाळा आला तरी. पैसे देण्याआधी सगळं रिगरपुढे उघडून ठेव, रिझर्व्ह शेवटचं कधी पॅक झालं त्याचं कार्ड बघ, डबीवरची तारीख स्वतः वाच. रिगरने काय लिहून दिलं ते मला कळव, त्यात रिझर्व्हचं मापही लिही. ते तू पत्रात दिलेलंच नाहीस.

तुझा काका